कडब्याचा हिशेब

शेतीच्या यंत्राचे गुण सांगताना बहुतेक लेखांत एकच माप लावलेले दिसते: तासाला किती एकर. सोलापूरच्या रब्बी ज्वारीपुढे हे माप तोकडे पडते. मोहोळच्या केंद्रावर १९३० च्या दशकात निवडलेली मालदांडी ३५-१ येथे आजही टिकून आहे, ती भाकरीइतकीच कडब्यासाठी. माणसाहून उंच वाढलेली ही धाटे मुळासकट उपटायची, पेंढ्या बांधायच्या आणि मग कणसे मोडायची! काम कष्टाचे आहे. यंत्र हवे, यात वाद नाही. परंतु गव्हासारख्या बुटक्या पिकासाठी घडवलेले कंबाइन हार्वेस्टर या रानात घातले, तर दाणा हाती येतो आणि धाटांचा चुरा होऊन चारा शेतातच विखुरतो.

याउलट दोन चाड्यांची पाभर पाहा. एका चाड्यातून बी, दुसऱ्यातून खत, दोन्ही एकाच वेळी ओलीत पडतात. कोरडवाहू जमिनीची अडचण ओळखून ती बनवली आहे. शाळेत तिची साधी प्रतिकृती सहज करता येईल.

यंत्राला सोयीचे म्हणून ज्वारीचे वाणच बुटके करावे, असाही एक विचार आहे. तसे केल्यास एकरी कडबा किती घटेल आणि तो विकत घ्यायला किती पैसे लागतील, हे आकडे तासांच्या बचतीशेजारी मांडलेले क्वचितच आढळतात.