बातमीदाराचे हसू : 'पीपली लाइव्ह' पुन्हा पाहताना

सेल्सचे संत फ्रान्सिस हे पत्रकारांचे आश्रयदाते संत. पोप अकरावे पायस यांनी १९२३ साली तशी घोषणा केली. नागपूरचे महामंदिर याच संतांच्या नावाने उभे आहे. दूरचित्रवाणीची काळजी वाहण्यासाठी ख्रिस्तसभेने पुढे १९५८ साली संत क्लारा यांची योजना केली. आजारी असताना आपल्या खोलीच्या भिंतीवर त्यांना नाताळची मिस्सा दिसली होती, असे परंपरा सांगते. म्हणजे दूरचित्रवाणीच्या बातमीदाराला एक सोडून दोन संतांचा आधार आहे. तरीही चित्रपटांत त्याची जितकी टिंगल होते, तितकी बहुधा वकिलाचीही होत नसेल.

या टिंगलीचा सर्वांत गाजलेला नमुना म्हणजे अनुषा रिझवी यांचा 'पीपली लाइव्ह' (२०१०). कर्जात बुडालेला नत्था आत्महत्या करणार, ही बातमी फुटते आणि वाहिन्यांच्या गाड्यांनी गाव भरून जाते. पाळणे लागतात, दुकाने बसतात, जत्राच भरते. एक बातमीदार नत्थाच्या विष्ठेभोवती रिंगण आखून, तिच्यावरून त्याच्या मनःस्थितीचे निदान गंभीर चेहऱ्याने करतो. आमच्या मते हा या चित्रपटाचा विनोदाचा कळस. रिझवी स्वतः दूरचित्रवाणीच्या वृत्तविभागात काम केलेल्या, त्यामुळे शब्दांवर दिलेला तो अनावश्यक जोर आणि क्षुल्लक गोष्टीला चढवलेला तो राष्ट्रीय साज त्यांनी अचूक पकडला आहे.

विदर्भातल्या वाचकाला मात्र या हास्यात एक खडा लागतो. २००६ साली मुंबईतल्या लॅक्मे फॅशन सप्ताहाला ५१२ अधिस्वीकृत पत्रकार हजर होते आणि त्याच सुमारास येथील शेतकऱ्यांच्या आत्महत्यांचे वार्तांकन करायला देशपातळीवरचे जेमतेम सहा पत्रकार आले होते, असे पी. साईनाथ यांनी दाखवून दिले. त्या सोहळ्यात मिरवले जात होते सुती कपडे, आणि तो कापूस पिकवणारे लोक विमानाने तासाभराच्या अंतरावर मरत होते. म्हणजे आमचे दुःख पीपलीच्या अगदी उलट. तेथे गाड्यांची गर्दी झाली, येथे गाडीच आली नाही. पंतप्रधान मनमोहन सिंग त्याच वर्षी येऊन गेले, सहा जिल्ह्यांसाठी ३७५० कोटींची मदत जाहीर झाली, तेव्हा कोठे कॅमेरे यवतमाळ-वर्ध्याकडे वळले. चित्रपट अतिरेकाला हसतो, पण अभावाला हसणे त्याला साधलेले नाही. ते फार अवघड आहे, हे आम्ही मान्य करतो.

चित्रपटात एकच बातमीदार माणूस म्हणून उभा राहतो, तो म्हणजे स्थानिक पत्रातला राकेश. नवाजुद्दीन सिद्दिकी यांनी तो फार संयमाने केला आहे. बातमी त्याची, वाटाड्याही तोच, आणि शेवटी चर्चा दिल्लीच्या बाईंची. मोठ्या वाहिनीत शिरकाव व्हावा, एवढीच त्याची आशा. माती खणून विकणारा होरी महातो आपल्याच खड्ड्यात मरून पडतो, तेव्हा राकेश अस्वस्थ होतो. बाईंना त्यात बातमी दिसत नाही. 'गोदान'च्या नायकाचेच नाव या म्हाताऱ्याला दिलेले आहे. तो तोंडातून शब्द काढत नाही आणि कोणाच्याही विनोदाचा विषय होत नाही. दिग्दर्शिकेचा हा विवेक आम्हांला थोर वाटतो.

पण राकेशही हसत नाही, ही आमची मुख्य तक्रार आहे. नागपुरात हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांत ज्यांनी या मंडळींना जवळून पाहिले आहे, त्यांना हे खटकेल. मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटवर मोर्चे अडवले जातात; तेथे हे लोक सकाळपासून ताटकळत असतात. हातात बूम, खिशात दोन फोन, पोटात तर्री-पोहे. कित्येकांना पगार नाही, बातमीमागे मानधन. मंत्री अर्ध्या वाक्यावर गाडीत बसतो आणि स्टुडिओतून तोच प्रश्न तिसऱ्यांदा येतो. अशा वेळी एकमेकांची आणि मुख्यतः स्वतःची जी थट्टा चालते, तीवरच दिवस निभतो. ती क्वचित निर्दयही असते. जवळच गोवारी स्मारक आहे. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी तेथील चेंगराचेंगरीत ११४ माणसे मेली. त्या ठिकाणी उभे राहून रोज नवा मोर्चा मोजायचा, तर मनाला थोडे कातडे हवेच. हे आतले हसू 'पीपली'त कोठेच नाही. तेथे बातमीदार हा हसण्याचा विषय आहे. हसणारा माणूस नव्हे.

मराठीने हे फार पूर्वी केले आहे. जब्बार पटेलांच्या 'सिंहासन'मधला (१९७९) दिगू टिपणीस आठवावा. कथा परतवाड्यात जन्मलेल्या अरुण साधूंची, पटकथा विजय तेंडुलकरांची, आणि दिगूच्या भूमिकेत निळू फुले. सगळे पाहून, सगळे जाणून, शेवटी तो वेड्यासारखा हसत सुटतो. त्या हसण्यात राजकारण्यांइतकाच तो स्वतःही सापडलेला आहे. पुढे २००७ साली साधू नागपूरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. चोवीस तास बातम्या देणाऱ्या मराठी वाहिन्याही त्याच वर्षी सुरू झाल्या. दिगूच्या हाती बूम आला असता तर साधूंनी काय लिहिले असते, याचे कुतूहल आम्हांला अजूनही आहे.

'पीपली'चा आणखी एक दोष सांगितला पाहिजे. वाहिन्यांची शर्यत, मंत्र्यांचे डाव, सगळे दिसते. पण ती बातमी घरी बसून पाहणारे आम्ही फारसे दिसत नाही. कोणासाठी हे रिंगण आखले, हे पडद्यावर कळत नाही. संध्याकाळच्या जपमाळेच्या वेळी दूरचित्रवाणीचा केवळ आवाज बंद करणारी, चित्र चालूच ठेवणारी घरे आमच्या धर्मग्रामांत थोडी नाहीत. त्यांच्याकडेही एकदा कॅमेरा वळायला हवा होता.

शेवट मात्र निर्दोष आहे. आगीत जळालेला देह नत्थाचा म्हणून स्वीकारला जातो. तो राकेशचा आहे, हे हातातल्या कड्यावरून फक्त प्रेक्षकाला कळते. गाड्या निघून जातात. मृत्यू अपघाती ठरल्याने घरच्यांना भरपाई मिळत नाही. आणि नत्था दूर शहरात, बांधकामावर, धुळीने माखलेला बसलेला दिसतो. त्याला विचारायला तेथे एकही बातमीदार नाही.