‘झगमगीत’ म्हणजे नेमके किती?

बीड जिल्ह्यातील एका शाळेचे संकेतस्थळ तयार होत असताना आम्हाला सल्ल्यासाठी बोलावले होते. संस्थेची मागणी एका वाक्याची होती : “एकदम झगमगीत पाहिजे, बघणारा थक्क झाला पाहिजे!” बघणारा कोण आणि तो काय शोधायला येणार, याचा उल्लेख नव्हता. झालेही तसेच. सरकती छायाचित्रे, लुकलुकती अक्षरे. शाळेचा दूरध्वनी क्रमांक मात्र शोधावा लागला.

या जिल्ह्यातून दरवर्षी हजारो कुटुंबे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. मुले गावीच शिकावीत म्हणून हंगामी वसतिगृहे चालवली जातात. फडातल्या पालकाला एवढेच हवे असते : वसतिगृह कधी सुरू होणार, परीक्षा केव्हा, फोन कोणाला करायचा?

आता साधा हिशेब करू. मुखपृष्ठावरची चित्रे ५ मेगाबाइटची असतील, तर ते ४० मेगाबिट झाले. सेकंदाला १ मेगाबिट वेग मिळाला, तर ती उतरायला ४० सेकंद लागतील. तीच माहिती ५० किलोबाइटच्या मजकुरात दिली, तर अर्धा सेकंदही लागणार नाही.

लुकलुकण्याचेही तसेच. नजरेच्या कडेला काही हलले की लक्ष आपोआप तिकडे वळते आणि वाचन तुटते. तीव्र उघडझाप तर अपायकारकही ठरते. १६ डिसेंबर १९९७ रोजी जपानमध्ये ‘पोकेमॉन’ मालिकेच्या एका भागात तांबडा-निळा प्रकाश सेकंदाला सुमारे १२ वेळा बदलला आणि सहाशेहून अधिक जणांना रुग्णालयात न्यावे लागले. म्हणूनच संकेतस्थळांच्या सुगम्यतेच्या जागतिक निकषांत सेकंदाला तीनपेक्षा जास्त लखलखाट टाळण्यास सांगितले आहे.

रंग, छायाचित्रे नकोतच, असे आमचे म्हणणे नाही. आक्षेप आहे तो मोजमाप नसलेल्या विशेषणाला. दोष एकट्या संस्थेचा नाही, “पाहणारा कोण?” हे आम्हीही सुरुवातीलाच विचारले नाही.

“पाणी गरम झाले” असे विद्यार्थ्याने म्हटले, की आपण लगेच विचारतो, “किती अंश?” शाळेच्या संकेतस्थळाबाबतही तसेच विचारावे. साध्या फोनवर, गावाबाहेर उभे राहून, एखाद्या पालकाला वसतिगृहाची तारीख किती सेकंदांत सापडते? नववीच्या मुलांना घड्याळ लावून हा प्रयोग करायला सांगा. येणारे उत्तर ‘झगमगीत’पेक्षा अधिक उपयोगी असेल.