जनरल इव्होल्गिनच्या थापा

मनुष्य खोटें बोलतो तें कांहीं लाभाच्या आशेनें, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. परंतु ज्याला थापेपासून छदामाचाही लाभ नाहीं, उलट फजितीच ज्याच्या पदरीं येते, आणि तरीही ज्याला थाप मारल्यावांचून राहवत नाहीं, त्याला काय म्हणावें? डोस्टोव्हस्कीच्या 'ईडियट' (१८६८-६९) या कादंबरींतील जनरल इव्होल्गिन हा असा मनुष्य आहे. पुष्कळ वाचक त्याला केवळ विनोदाकरितां योजलेलें पात्र समजतात. आम्हांस तें मान्य नाहीं.

इव्होल्गिन हा निवृत्त, कर्जबाजारी व मद्यासक्त सेनाधिकारी. आगगाडींत एका बाईनें आपली सिगार खिडकीबाहेर फेकली, म्हणून आपण तिचें कुत्रें बाहेर भिरकावलें, अशी लोणकढी तो एकदां ठेवून देतो. ती ऐकून नस्तास्या फिलिपोव्हना सर्वांदेखत सांगते कीं, हीच हकीकत, बाईच्या पोशाखाच्या रंगासुद्धां, आपण पांचसहा दिवसांपूर्वीं वर्तमानपत्रांत वाचली! पुढें तर, १८१२ सालीं मॉस्कोंत आपण दहा वर्षांचे असतांना नेपोलियनच्या तैनातींत होतों, असें तो प्रिन्स मिश्किनला गहिंवरून सांगतो.

१८९१ सालीं डेलब्रुक या मनोविकारतज्ज्ञानें अशा लोकांचें शास्त्रीय वर्णन केलें. असत्य व आत्मवंचना यांचें त्यांच्या ठायीं मिश्रण असतें, असें त्याचें म्हणणें. हा स्वतंत्र रोग कीं अन्य मनोविकाराचें लक्षण, याविषयीं तज्ज्ञांत आजही एकमत नाहीं. मद्यपानानें स्मृति नष्ट झालेले कांहीं रोगी तिच्यांतील पोकळी नकळत कल्पित गोष्टींनीं भरून काढतात; इव्होल्गिन त्यांतला नव्हे. आपण रचून सांगत आहों, हें त्याच्या मनाचा एक कोपरा जाणतो. डेलब्रुकच्या वीस वर्षें आधीं डोस्टोव्हस्कीनें हा कोपरा ओळखला, यांत त्याची थोरवी आहे.

कारण मिश्किन ती नेपोलियनची कथा हंसल्यावांचून, मध्यें न तोडतां ऐकून घेतो. जनरल आनंदानें जातो. पण त्याच सायंकाळीं त्याची चिठ्ठी येते कीं, आपला मान कमी करणारी कींव आपण यापुढें स्वीकारणार नाहीं. लवकरच त्याला झटका येतो, व पुढें त्याचा अंत होतो. नस्तास्येच्या उपहासानें तो जखमी झाला होता. मिश्किनच्या दयेनेंही तो जखमीच झाला. या दोहोंपलीकडचा मार्ग डोस्टोव्हस्की दाखवीत नाहीं, आणि खोटा दाखवीत नाहीं हेंच बरें.

तथापि एक उणीव सांगितली पाहिजे. या थापांची किंमत ज्यांनीं घरांत रोज भरली, त्या नीना अलेक्झांड्रोव्हनेला, त्याच्या पत्नीला, ग्रंथकारानें फार थोडी जागा दिली आहे. ज्यांच्या घरीं असा एखादा वडील माणूस आहे, ते वाचक प्रथम तिलाच शोधतील.