विलंबित प्रभाव आणि एक आत्मवृत्त

'प्रभाव' ही संज्ञा आपल्या समीक्षेत फार सैलपणे वापरली जाते. एक बोलला, दुसऱ्याने ऐकले आणि दुसऱ्याच्या कृतीत पहिल्याचा अंश उतरला, अशा सरळ क्रमात ती बसवली जाते. सद्विचार आणि निष्ठेचे आचरण यांचा परिणाम पुष्कळदा उशिरा होतो, हे आपण मान्य करतो. परंतु त्या विलंबात मूळ शब्दाचे काय होते, याचा विचार क्वचितच होतो. पनवेल तालुक्यातील शिरढोण येथे १८४५ मध्ये जन्मलेल्या वासुदेव बळवंत फडके यांचे आत्मवृत्त या दृष्टीने तपासण्याजोगे आहे.

फडके पुण्यात लष्करी हिशेबखात्यात कारकून होते. महादेव गोविंद रानडे यांनी १८७२-७३ च्या सुमारास देशी व्यापाराच्या ऱ्हासावर दिलेली व्याख्याने आणि सार्वजनिक काकांचे स्वदेशीचे व्रत, या दोहोंचा त्यांच्यावर ठसा उमटला, असे चरित्रकार सांगतात. रानड्यांचा मार्ग सनदशीर होता : आकडे मांडावेत, अर्ज करावेत, उद्योग काढावेत. तोच शब्द १८७६-७८ चा दुष्काळ ओलांडून फेब्रुवारी १८७९ मध्ये प्रकट झाला, तो धामारीच्या दरोड्याच्या रूपाने. याला प्रभाव म्हणावे की अपवाचन? हेरॉल्ड ब्लूम यांची सर्जक अपवाचनाची कल्पना कवींच्या पिढ्यांपुरती आहे. तिच्यात दुष्काळाला जागा नाही. येथे शब्दाचा अर्थ पालटला तो श्रोत्याच्या प्रतिभेने नव्हे, अन्नावाचून मेलेल्या माणसांमुळे.

गंमत अशी, की या प्रभावाची पहिली समीक्षा सरकारनेच केली. मे १८७९ मध्ये पुण्यातील बुधवारवाडा व विश्रामबागवाडा यांना आगी लागल्या, संशय बळावला आणि रानड्यांची धुळ्यास बदली झाली. तेथेही त्यांच्या टपालावर नजर होती, हे रमाबाईंच्या 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' (१९१०) मधून कळते. वक्त्याचा हेतू आणि श्रोत्याची कृती यांत अंतर असते, हे तत्त्व मुंबई सरकारला अर्थातच मान्य नव्हते.

आत्मवृत्ताचा प्रवास याहून विलक्षण आहे. एप्रिल १८७९ मध्ये, बंडाची आशा मावळल्यावर, श्रीशैल मल्लिकार्जुनाच्या पायाशी देह ठेवण्याच्या निश्चयाने गेलेल्या फडक्यांनी ते लिहिले. त्यांच्यासमोर वाचक होता तो देशबांधव. प्रत्यक्षात पहिले वाचक ठरले पोलीस, सरकारी भाषांतरकार आणि न्यायालय. जुलैमध्ये ते पकडले गेले आणि त्यांचेच लेखन त्यांच्याविरुद्ध पुरावा झाले. १७ फेब्रुवारी १८८३ रोजी एडनच्या तुरुंगात त्यांचा अंत झाला. मुंबई सरकारने स्वातंत्र्यचळवळीच्या साधनांचा पहिला खंड १९५७ मध्ये प्रसिद्ध केला, त्यात हे लेखन छापले गेले. म्हणजे लिहिल्यापासून ७८ वर्षांनी.

या मधल्या काळात उदाहरण मात्र शब्दावाचूनच पसरले, आणि याची किंमत शब्दाला मोजावी लागली असे मला वाटते. 'आद्य क्रांतिकारक' ही उपाधी पाहावी. 'आद्य' हे विशेषण कोणालाही त्याच्या हयातीत लागू शकत नाही. दुसरा आणि तिसरा आल्याखेरीज पहिला पहिला होत नाही. १८९७ च्या चापेकरांनंतरच फडक्यांना हे स्थान मिळू शकत होते. नवी कृती जुन्या परंपरेची मांडणी बदलते, हे एलियटने १९१९ मध्ये साहित्याविषयी म्हटले. ते येथे चरित्रालाही लागू पडते. ('आनंदमठ'वर फडक्यांच्या बंडाची छाया असल्याचेही वारंवार म्हटले जाते, तो पुरावा मुख्यतः साम्याचा आहे, म्हणून येथे त्यात शिरत नाही.)

प्रत्यक्ष संहिता मात्र आद्यत्वाचा आव आणत नाही. तिचा विषय अपयश आहे. सोबत आलेल्या रामोश्यांना लुटीचाच अधिक मोह होता ही तक्रार, सुशिक्षितांकडून साहाय्य न मिळाल्याची व्यथा आणि हातून काही झाले नाही म्हणून देशबांधवांकडे मागितलेली क्षमा, हा तिचा गाभा. तक्रारीत वर्गाचा आणि जातीचा दुरावा उघड दिसतो. पोटासाठी बंडात आलेल्या माणसाची बाजू ती ऐकत नाही. गौरवपर चरित्रांना ही तक्रारही नको असते आणि ती क्षमायाचनाही. उशिरा पोहोचलेल्या या शब्दाला वाट पाहत असलेला वाचक भेटला खरा, पण तो आधीच उदाहरणावर वाढलेला होता आणि संहितेत त्याने फक्त हुतात्मा शोधला. त्यातही १९५७ च्या खंडात आत्मवृत्त आहे ते इंग्रजी भाषांतरात. फिर्यादीसाठी तयार झालेल्या त्या भाषेआडून एका मराठी कारकुनाचा पराभूत स्वर ऐकण्याचे काम त्या खंडाच्या वाचकाला स्वतःच करावे लागते.