स्वादुपिंडाच्या कर्करोगाचे पूर्वनिदान : मूत्र-निदर्शकांच्या कसोटीचे परीक्षण

स्वादुपिंड जठराच्या मागे दडलेले असते. त्यामुळे कावीळ, पोटदुखी, वजन घटणे ही लक्षणे उमटेपर्यंत शस्त्रक्रियेची वेळ बहुतेक रुग्णांच्या बाबतीत टळून गेलेली असते. अमेरिकेत निदानानंतर पाच वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण अद्याप शेकडा १३ च्या आसपासच आहे. अशा स्थितीत मूत्राच्या नमुन्यावरून हा रोग आरंभीच ओळखता येईल, हे प्रतिपादन आकर्षक वाटावे यात नवल नाही. प्रश्न एवढाच की, सादर केलेला पुरावा नेमके काय सिद्ध करतो?

देबेर्नार्दी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० साली 'प्लॉस मेडिसिन'मध्ये ५९० नमुन्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांपैकी १८३ निरोगी व्यक्तींचे, २०८ यकृत-पित्तमार्ग व स्वादुपिंड यांच्या सौम्य विकारांचे आणि १९९ कर्करोग्यांचे होते. सौम्य विकारांचा गट मुद्दाम घेतला, ही या अभ्यासाची खरी जमेची बाजू होय; निरोग्यांपासून रुग्ण वेगळा काढणे तुलनेने सोपेच असते. याच गटाच्या, त्याच वर्षीच्या दुसऱ्या निबंधात तीन प्रथिने, क्रिएटिनीन आणि वय यांवरून 'पॅनक्रिस्क' हा धोक्याचा अंक मांडला आहे. तेथे यंत्र-अध्ययनाच्या अनेक पद्धती ताडून पाहिल्या. परंतु साध्या लॉजिस्टिक समाश्रयणाहून कोणतीही पद्धत विशेष सरस ठरली नाही. संगणकाच्या नावाने भारावणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावयास हवे.

रक्तातील सीए १९-९ ची जोड दिल्यास संवेदनक्षमता व विशिष्टता दोन्ही ०·९६ येतात. आकडा देखणा आहे. मात्र हे नमुने निदान झालेल्या रुग्णांचे आहेत, निदानापूर्वी काही वर्षे घेतलेले नव्हेत. शिवाय निरोगी गटाचे सरासरी वय रुग्णांहून सुमारे दहा वर्षांनी कमी आहे, आणि वय हा तर अंकाचाच एक घटक! भेद दाखविण्यात रोगाचा वाटा किती व वयाचा किती, हा संशय त्यामुळे उरतोच. सीए १९-९ चीही मर्यादा आहे : ज्यांच्यात लुईस रक्तगट-प्रतिजन नसते त्यांच्या शरीरात ते बहुधा तयारच होत नाही, आणि पित्तमार्ग तुंबला की कर्करोगावाचूनही ते वाढते.

याहून मोठी अडचण गणिताची आहे. या रोगाचे वार्षिक प्रमाण अमेरिकेत लाखात सुमारे १३. एक लाख लोकांवर ही कसोटी लावल्यास बारा-तेरा रुग्ण सापडतील खरे, पण सुमारे ४,००० निरोगी माणसेही संशयित ठरतील. त्यांच्या वाट्यास चिंता, प्रतिमा-तपासण्या आणि प्रसंगी जोखमीच्या शस्त्रक्रिया येणार. लक्षणे नसलेल्या प्रौढांची सरसकट चाळणी करू नये, असा निर्णय अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कार्यदलाने २०१९ मध्ये कायम केला तो याच प्रकारच्या विचाराने.

गट निवडून घेतला की चित्र पालटते. चारी व सहकाऱ्यांनी २००५ मध्ये दाखविल्याप्रमाणे पन्नाशीनंतर नव्याने मधुमेह जडलेल्यांपैकी शेकडा ०·८५ जणांत तीन वर्षांच्या आत हा कर्करोग आढळतो. अशा लाखभरांत सुमारे ८५० रुग्ण असतील. ०·९६ हेच आकडे तेथेही टिकले, असे गृहीत धरले तर संशयित ठरलेल्या दर सहांपैकी एक खरा रुग्ण निघेल. लेखकांचा स्वतःचा रोखही निवडक चाळणीकडेच आहे. त्यांच्या निबंधाचा व्यापक अर्थ इतरांनी लावला, हा दोष त्यांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. मात्र त्या निवडक गटातले, निदानापूर्वी घेऊन जपलेले नमुने जोवर तपासले जात नाहीत, तोवर ०·९६ हा आकडा आरंभीच्या निदानाचा मानता येत नाही.