खाटेवरची वर्षे : ‘चंदू चॅम्पियन’ने गाळलेला भाग

कबीर खान यांच्या ‘चंदू चॅम्पियन’ (२०२४) या चित्रपटाने मुरलीकांत पेटकर हे नाव देशभर नेले. पेठ इस्लामपूरचा मुलगा, सैन्याच्या ईएमई दलातला जवान, मुष्टियोद्धा. १९६५च्या युद्धात गोळ्या लागल्या आणि कमरेखालचे अंग लुळे पडले. १९७२मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर पोहण्यात त्यांनी ३७.३३ सेकंदांत भारताला पहिले सुवर्णपदक मिळवून दिले.

गोळी आणि पदक यांच्यामध्ये रुग्णालय आहे, आणि चित्रपटाची खरी अडचण तिथेच आहे. वॉर्डात टोपाझ (राजपाल यादव) हसवतो, टायगर अली (विजय राज) पेटवतो. दोघेही उत्तम. पण त्या दोघांमुळे खाट रिकामी पडायला वेळच मिळत नाही. मणक्याला इजा झालेल्या माणसाला दर दोन तासांनी दुसऱ्या कोणीतरी कुशीवर वळवावे लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. लघवीचा जंतुसंसर्ग जिवावर बेततो. विशीतल्या, ठोसे मारायची सवय असलेल्या जवानाने घरापासून लांब हे परावलंबन कसे सोसले असेल? चरित्रपटाला एवढा संथ वेळ परवडत नाही, हे मान्य. तरीही एखादी नुसती, पार्श्वसंगीताविना रात्र दाखवायला काय हरकत होती?

पेटकरांचे पोहणे जिद्दीतून नव्हे, उपचारातून सुरू झाले. मुंबईच्या नौदल रुग्णालयात, आयएनएचएस अश्विनीत, फिजिओथेरपीचा भाग म्हणून त्यांना पाण्यात उतरवले गेले. मुळात पॅरालिम्पिकचा उगमच युद्धरुग्णालयात आहे. इंग्लंडमधल्या स्टोक मँडेव्हिल इथे डॉ. लुडविग गुटमन यांनी १९४४मध्ये जखमी सैनिकांसाठी मणक्याचा विभाग उघडला, खेळाला औषधाचा दर्जा दिला आणि १९४८मध्ये १६ रुग्णांची तिरंदाजी भरवली. ही पार्श्वभूमी ठेवली असती, तर नायक एकटा वाटला नसता. परिचारिका, फिजिओथेरपिस्ट, शेजारच्या खाटेवरचा जवान हेही त्या पदकाचे भागीदार ठरले असते. पटकथेने ही सगळी मंडळी एका गुरूच्या खात्यात जमा केली आहेत.

दुसरी गाळणी नंतरच्या आयुष्याची. पेटकरांनी पुढे पुण्यात टेल्कोत नोकरी केली. पिंपरी-चिंचवडच्या वाचकाला खरे कुतूहल इथे वाटेल: चाकाच्या खुर्चीतला माणूस त्या काळच्या कारखान्यात कसा वावरला? चित्रपट मात्र म्हाताऱ्या नायकाला पोलीस ठाण्यात बसवतो आणि अर्जुन पुरस्कार न मिळाल्याची तक्रार नोंदवायला लावतो. तो पुरस्कार जानेवारी २०२५मध्ये मिळाला. म्हणजे चित्रपटाची तक्रार निकाली निघाली. खाटेची गोष्ट राहिली.

ती फार लांबही नाही. दापोडीहून मुळा ओलांडली की खडकी. तिथल्या पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्रात मणका दुखावलेले जवान वर्षानुवर्षे राहतात. त्यांच्यातल्या काहींचे हातही चालत नाहीत. ते तोंडात ब्रश धरून चित्रे काढतात.