शरणागतीचा अर्धा तास

ब्रह्मदेशातून सयामच्या सरहद्दीकडे माघार घेणारी एक दमलेली जपानी तुकडी. कॅप्टन इनोउये संगीत शिकलेला, त्यामुळे त्यानं आपल्या पोरांना गायला लावलंय. शिपाई मिझुशिमा ब्रह्मी हार्पवर साथ करतो. एका खेड्यात मुक्काम पडतो. गावकरी अचानक नाहीसे होतात आणि रानात इंग्रजांची फौज दिसते. दारूगोळ्याची गाडी मात्र उघड्यावर राहिलेली. मग काही कळलंच नाही असं दाखवत सगळे मोठमोठ्यानं गातात आणि गातागाताच गाडी आडोशाला आणतात. आता हल्ला करायचा, एवढ्यात अंधाऱ्या रानातून तीच चाल इंग्रजीत ऐकू येते: 'होम, स्वीट होम'. लढाई तीन दिवसांपूर्वीच संपलेली असते.

कोन इचिकावा यांचा 'द बर्मीज हार्प' (१९५६) इथेच थांबला असता, तर ती एक गोड गोष्ट झाली असती. पण पटकथाकार नात्तो वादा लगेच आपल्याला त्रिकोणी डोंगरावर नेतात. तिथल्या गुहेत दुसरी जपानी तुकडी अजून लढते आहे. तिचं मन वळवायला मिझुशिमा जातो. इंग्रज त्याला मुदत देतात ३० मिनिटांची.

माझ्या मते सगळा चित्रपट या अर्ध्या तासात आहे. पाठीवर हार्प घेऊन तो गोळीबारातून वर चढतो. तो बोलतो ते सगळं खरं असतं: जपान शरण गेलाय, आता मरण्यात अर्थ नाही. गुहेतली माणसं ऐकून घेतात, आपसात विचारतात आणि एकमुखानं नकार देतात. तो त्यांना भेकड वाटतो. आणखी थोडी मुदत मागावी म्हणून तो पांढरं निशाण तयार करतो, तर हा आपल्या वतीनं शरण जातोय असं समजून ते त्याला बेशुद्ध पडेपर्यंत मारतात. मुदत संपते, तोफा सुरू होतात, आणि वाचतो तो एकटा मिझुशिमा.

या गुहेतल्या अधिकाऱ्याला इचिकावांनी खलनायक केलं नाही, याचं मला फार मोल वाटतं. इतके सोबती मेल्यावर आपण कुठल्या तोंडानं जगायचं, हा त्याचा पेच आहे, आणि मिझुशिमाकडे त्याचं उत्तर नाही. खालच्या खेड्यात इनोउयेच्या माणसांना हत्यार टाकणं जमलं, कारण रोज एकत्र गाताना घरची ओढ त्यांच्यात जागी राहिली होती. वरच्यांना ती ओढ अर्ध्या तासात कोण देणार?

पुढे भिक्खूचं वस्त्र चोरून मिझुशिमा मुदोनच्या छावणीकडे, कैदेत असलेल्या आपल्या तुकडीकडे, निघतो. वाटेत बेवारस जपानी प्रेतांचे ढीग. मिनोरू योकोयामांचा कॅमेरा त्यांच्यावरून घाईनं सरकत नाही. मग शत्रूच्याच इस्पितळातली माणसं एका अनाम जपानी शिपायाला प्रार्थना गात मूठमाती देताना दिसतात. तिथून तो मागे वळतो, या प्रेतांना पुरण्यासाठी. चोरीचं वस्त्र तेव्हा त्याचं स्वतःचं होतं. गुहेत अपुरं राहिलेलं बोलणं तो आता हातांनी पुरं करतो, असं मला हा भाग पाहताना वाटतं.

एक गोष्ट मात्र खटकते, आणि ती या चित्रपटावर प्रेम असूनही खटकते. मुदोनच्या दक्षिणेला जवळच थानब्युझायत आहे. तिथून सयामकडे जाणारा रेल्वेमार्ग जपानी लष्करानं युद्धकैदी आणि आशियाई मजूर राबवून बांधला. त्यात बारा हजारांहून जास्त युद्धकैदी मेले आणि मजूर त्याहून कितीतरी अधिक. त्यांत ब्रह्मी होते, मलायातून नेलेले तमिळही होते. पडद्यावर याचा मागमूस नाही. ब्रह्मी माणसं दिसतात ती बहुतेक प्रेमळ आणि पार्श्वभूमीपुरती. मिझुशिमाच्या करुणेबद्दल मला तिळमात्र शंका नाही. पण ज्याच्या हाती इचिकावांनी फावडं दिलं, त्याच्या वाटेवर त्यांनी त्या मजुरांची एक तरी कबर ठेवायला हवी होती.